गाडीच्या पुढे चालणारी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं. सोमवार होता. जेवणं झाली होती. गाडी दारात उभी. मी गाडीखाली पाठीवर निजलेलो, हातात पाना, आणि ती वर माझ्या जागेवर, स्टिअरिंगच्या मागे, दोन्ही पायांनी ब्रेकचं पायडल दाबत बसलेली. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं वरून दाबायचं, दुसऱ्यानं खालून बोल्ट सैल करून हवा सोडायची.

"दाबला," ती वरून म्हणाली.

"धर."

"धरला."

"सोड."

"सोडला. अजी, निजले का खाली?"

"तुले काय करायचं वं? दाब."

"दाबून दाबून पायाले गोळे आले माझ्या. तुमची हवा काही सरत नाही. गाडीतलीबी नाही अन् तोंडातलीबी नाही."

चारही चाकांच्या ब्रेकची हवा निघाली, पायडल घट्ट झालं. मी बाहेर निघालो तर ती म्हणते, "उगाच मेहनत केली. चिखलात कुठं ब्रेक लागते? हे सारं तुमच्या डांबरासाठी." मग चहा केला. संध्याकाळी चुडीवाले चाचा नागपूरच्या महाल भागातून हातठेल्यावर बांगड्यांच्या पेट्या घेऊन आले. बुधवारच्या बाजाराचा माल ते सोमवारीच आमच्या गाडीत ठेवून जात. तिनं पेट्यांच्या मधे मधे धानाचं वाळकं तणस कोंबलं, दोरी बांधली, आणि झालं.

मंगळवारी पहाटे ती उठली नाही.

डॉक्टरानं सांगितलं, हृदय. मोहल्ल्यानं सांगितलं, चिखल. चौदा पावसाळे बाईमाणूस गाडीपुढे अनवाणी चाललं, गुडघाभर पाण्यात उभं राहिलं, थंडी छातीत बसली, दुसरं काय होणार. घाटावर तिच्या लहान भावानं सगळ्यांच्या देखत मला म्हटलं, "भाऊजी, तुम्ही माझ्या बहिणीचा बैल केला. चौदा वर्षं गाडीपुढं जुंपलं तिले."  सगळ्यांनी मान खाली घातली, म्हणजे सगळ्यांना पटलं होतं. मी बोललो नाही. माझ्या हातात तेव्हा जळतं लाकूड होतं.

आता बोलतो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण एवढं लिहिता येतं. मी तिला चालवलं नाही. ती मला चालवत होती. ज्याला पटत नाही त्यानं पुढचं वाचावं, आणि मग खुशाल नाही म्हणावं.

गाडी जीपचीच होती, पण लांब. मागे खोली जोडल्यासारखी. तिला स्टेशन वॅगन म्हणत. एका सरकारी खात्यानं झिजवून झिजवून हर्रासात, म्हणजे लिलावात, काढली आणि मी घेतली. कशी घेतली ते सांगत नाही. चोरीची नव्हती एवढं पुरे. दारं खडखडत, खिडकीच्या काचा वर जात नसत, पेट्रोल पाण्यासारखं पीत होती. पण गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन छोटे दांडे होते. एक ओढला की पुढची चाकंही जोर लावू लागत. दुसरा ओढला की गाडी माणसापेक्षा हळू चाले आणि हत्तीसारखी ओढे.

आताची पोरं विचारतात, बाबा, ती जुनी गाडी खरंच चढत होती का? चढत होती. तुमच्या आताच्या गाड्या चढतात त्यापेक्षा जास्त, आणि गाणं न लावता. पोट जमिनीपासून उंच, खाली कमानीचे जाड पाटे, इंजिन मंद पण हट्टी. खोड एकच. शेपूट. मागचा भाग चाकांच्या पलीकडे हातभर लोंबत होता. नाल्यातून वर चढताना पुढची चाकं काठावर गेली की ती शेपूट मागे जमिनीत घुसायची. सरळ चढवा, शेपूट घुसते. फार तिरपी चढवा, गाडी कलंडते. मधली वाट सांगायला बाहेर कोणीतरी पाहिजे. आणि जीपहून ती जड. जीप जिथून उडी मारून जाते तिथे ही बसते.

पाणी खोल असलं की मी पंख्याचा पट्टा काढून ठेवत होतो, नाहीतर पंखा पाणी उडवतो आणि इंजिन बंद पडतं. समोरच्या जाळीला बारदाना बांधत होतो. माझी विद्या एवढीच. बाकी सगळी तिची.

तिचं माहेर रामटेकच्या पलीकडे, धानाच्या मुलखात. चालायला लागली तेव्हापासून बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, चिखलात. मी तिला पाहायला तिच्या घरी गेलो तेव्हा ती दाराआडून माझ्याकडे पाहत होती असं मला वाटलं. नंतर कळलं, ती माझे पाय पाहत होती. आईला म्हणाली, "पाय आंधळे हायेत याचे. पन हात चांगले दिसतात." मी त्या वेळी एका ठेकेदाराच्या ट्रकवर होतो, हाताला ग्रीस होतं. त्या हातांवर लग्न झालं.

तिला माणसांच्या पायांचं वेडच होतं. कोणी घरी आलं की तोंड पाहायच्या आधी टाचा पाहणार. भेगा असलेल्या माणसाला चहात साखर जास्त. माझा एक काका मऊ गुलाबी टाचांचा होता, त्याला म्हणाली, "मामाजी, तुम्ही जमिनीवर कधी उतरले नाई वाटते." काका दोन वर्षं आला नाही.

आमचा धंदा म्हणजे आठवडी बाजारांची वाहतूक. नागपूरहून व्यापारी घेऊन जायचं. चुडीवाले चाचा, कधी कापडवाला, कधी मसालेवाली. पावसाळ्यात आतल्या गावांना एसटी जात नव्हती, बैलगाडीला दीड दिवस लागे. आम्ही जात होतो. आम्हीच जात होतो. हे मी फुशारकीनं सांगतो, आणि सांगणारच.

डांबर असेपर्यंत ती मागे गाठोड्यांवर झोपे. ड्रायव्हरच्या शेजारी कधी बसली नाही. "डांबर आंधळ्यासाठी असते," म्हणे, "तिथं माझं काय काम?" डांबर सुटलं की पहिल्या हादऱ्याला जागी होई. नाला आला की मागचं फाटक उघडून खाली उडी. लुगड्याचा कासोटा आवळायचा. पायातली जोडवी काढायची, कारण ती चिखलात अडकतात, आणि गालात ठेवायची, पानाचा विडा ठेवतात तशी. सौभाग्यवतीनं जोडवी काढायची आणि तीही तोंडात! मसालेवाली बाई कानाला हात लावायची. हिला फरक पडत नव्हता. तोंडात जोडवी असल्यामुळे नाल्यात तिला बोलता येत नसे, सगळं हातानं सांगे. दिवसातून तेवढाच वेळ मला शांतता.

काठी कधी घेतली नाही. मी एकदा बांबू दिला तर फेकून दिला. "काठी खोटं बोलते. काठीले वजन कुठं हाये?" आधी टाच टेकवायची, मग सगळं अंग त्या टाचेवर सोडायचं, आणि थांबायचं. चिखल काय करतो ते ऐकायचं. मी गाडीतून पाहत असे, ती कान देऊन उभी आहे असं दिसे, पण कान पायात होते. मग हात डावीकडे. दोन पावलं. हात सरळ. एकदा मूठ वर केली म्हणजे थांबा, इथून मरण आहे.

"ही कन्हार हाये," ती मला शिकवायची. "काळी. गिळते. अन् ते तिकडं सिहार हाये, रेतीची. ते पाय सोडते. दिसत नाही तुमाले?"

"दोन्ही चिखलच दिसते मले."

"म्हणून म्हणतो, आंधळे."

मी एकदा म्हटलं, तू गाडी चालवायला शीक, मी पुढे चालतो. मला लाज वाटत होती. लोक काठावरून हसत, म्हणत, पाहा, बाई पुढं अन् बाप्या बसून. ती म्हणाली, "तुम्ही चाललात तर गाडी कुठं जाईन ठाव हाये? तुमच्या मागं मागं खड्ड्यात." संपलं. परत विचारलं तर म्हणे, "ज्याचं काम त्यानं करावं. लोकाईचे दात मोजायले मी रिकामी नाही."

आणि नियम एक. गाडीत बसला तो चिखलात उतरला पाहिजे. नाला आला की सगळे खाली. गाडी हलकी होते, आणि माणसाला कळतं आपण कशावरून चाललो. व्यापारी असो, मास्तर असो, ताप आलेला असो, सगळ्यांना एकच नियम. चाचा सत्तरीचे होते, तेही पायजमा वर करून उतरत. म्हणत, "बाई, जन्नत के दरवाजे पे भी तू उतारेगी."

"तिथं चिखल असन तं उतराच लागन," ही म्हणे.

आता मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, सांगतो.

बुधवारच्या गावाचा बाजार गावाच्या पलीकडे भरत होता. रस्ता मालगुजाराच्या घरासमोरून, देवळाजवळून. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं, हे गावाला माहीत होतं, कारण ही लपवत नव्हती. गावात शिरली की मोठ्यानं जयभीम. दुसऱ्या का तिसऱ्या बुधवारी मालगुजाराचा माणूस रस्त्यात आडवा हात करून उभा राहिला. म्हणाला, गाडीनं बैल बुजतात. पांदणीनं न्या.

पांदण म्हणजे शेतांच्या मधली बैलगाडीची वाट. दोन्हीकडे काटेरी कुंपण, मधे पावसाळ्यात नुसता लोण्यासारखा चिखल. त्याच वेळी मागून एका राइस मिलवाल्याची गाडी आली आणि त्याच रस्त्यानं निघून गेली. तिनं कोणाचे बैल बुजले नाहीत. मी जॅकचा दांडा घेऊन खाली उतरलो. माझं डोकं फिरलं होतं.

तिनं माझा हात धरला नाही. बायका धरतात तसा. ती गाडीच्या मागून चालत आली, त्या माणसाच्या पायांकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "बसा. रस्ता त्याइचा असन. चिखल कोनाच्या बापाचा नाही."

आणि पांदणीत शिरली.

त्या दिवशी आम्हाला बाजारात पोचायला चार तास लागले. पुढच्या बुधवारी तीन. महिन्याभरात तिनं पांदणीचा वीतभर वीतभर पाठ केला. कुठे निंबाच्या मुळ्या खालून आधार देतात, कुठे म्हशी लोळून जमीन घट्ट झाली, कुठे वरून वाळलेलं आणि खाली दही. खड्ड्यात टाकायला बेशरमाची झुडपं तोडायची, त्याच्या ओल्या काड्या चाकाखाली दबतात पण मोडत नाहीत, हेही तिनंच शोधलं. कुठल्या पुस्तकात असेल तर मला माहीत नाही.

एक नियम तिनं त्या पांदणीत केला. आपल्याच चाकोरीतून दुसऱ्यांदा जायचं नाही. एका बुधवारी जिथून गेलो त्याच्या हातभर बाजूनं पुढच्या बुधवारी. "चिखल एकदा माफ करते," म्हणायची. "दुसऱ्यांदा वळखते."

तीनचार वर्षांनी एक पावसाळा असा आला की मालगुजाराच्या रस्त्यावरचा रपटा, नाल्यावरचा सखल पूल, वाहून गेला. आता सगळ्या गावाला पांदण एकच. मालगुजाराची नागपूरच्या कोर्टात तारीख होती. नवी कोरी जीप, तीही चारही चाकांची. त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, त्या लांब गाडीच्या चाकोरीवर चाक ठेव आणि चल, ती गेली म्हणजे आपण जाऊ. आम्ही पावसामुळे रात्र गावातच काढून गुरुवारी सकाळी परत निघालो होतो. आम्ही पुढे, तो मागे. आमच्या चाकोरीनं आमची गाडी झेलली होती. त्याची जीप झेलली नाही. आसापर्यंत बसली. ड्रायव्हरनं रेस दिली तशी आणखी बसली.

ही मागे गेली. मला वाटलं हसेल. हसली नाही. काचेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "उतरा मालक."

"मी?" आत पांढरं धोतर, काळा कोट, कागदांची पिशवी.

"गाडीत बसला तो उतरते."

"माणसं येतील माझी. बैल आणतील."

"बैल धानात हायेत. दुपार होईन. तारीख कवाची हाये?"

त्यानं घड्याळ पाहिलं. मग त्यानं जोडे काढले, हातात घेतले, धोतर वर केलं आणि पाय खाली सोडला. मांडीपर्यंत गेला.

"तिथं नका ठेवू," ती म्हणाली. "मी जिथं पाय ठेवतो तिथंच ठेवा. दुसरीकडं ठेवसान तं तुमाले काढाले अजून एक जोडी लागन बैलाची."

आणि मालगुजार, ज्याच्या दारासमोरून आमची सावली चालत नव्हती, तो हिच्या पावलात पाऊल ठेवून, स्वतःच्याच पांदणीतून आमच्या गाडीपर्यंत आला. कुंपणापलीकडे धानात निंदण करणाऱ्या बाया कमरेत वाकलेल्या होत्या, त्या सगळ्या सरळ उभ्या राहिल्या.  चाचांनी त्याला आपल्या पेटीवर बसायला जागा दिली. त्याला आम्ही कोर्टाच्या दारात सोडलं. वाटेत दोन नाले लागले. दोन्ही ठिकाणी उतरला.

पुढच्या आठवड्यात तोच माणूस, आडवा हात करणारा, आमच्याकडे निरोप घेऊन आला. रपटा झाला की तुमची गाडी रस्त्यानं आणा, मालक म्हणतात.

ही म्हणाली, "मालकले सांगजो, रस्त्यावर आमच्या गाडीले झोप येते."

रपटा झाला. डांबरही झालं. आम्ही पांदणीनंच जात राहिलो. मी कितीदा म्हटलं, आता सोड, पेट्रोल जळतं, पाटे तुटतात. ती ऐकणारी नव्हती. हट्ट होता. मला त्रास झाला त्या हट्टाचा, खोटं का बोलू. पण त्या पांदणीत गाडी कधी बैलांनी ओढून काढावी लागली नाही. एकदाही नाही. चौदा पावसाळे.

अशी बाई. हिला मी जुंपली म्हणता?

भावाचं बोलणं मला जास्त लागलं, कारण त्याला तिनं वाढवलं होतं. आई शेतावर जाई तेव्हा हा तिच्या कमरेवर. शाळा नाल्यापलीकडे, तर खांद्यावर घेऊन नाला पार करून द्यायची. तो शिकला, नागपुरात कारकून झाला, बूट घालायला लागला. चांगलं झालं. पण बहिणीच्या खांद्यावरून नाला ओलांडलेल्या माणसानं तिला बैल म्हणावं?

मंगळवारी घाटावरून घरी आल्यावर तो म्हणाला, "उद्या सकाळी मी भंगारवाल्याले घेऊन येतो. ही गाडी दारात दिसली नाही पायजे. तिच्या जिवावर चालत होती ते. आता कोनाच्या जिवावर चालवता?"

घर माणसांनी भरलं होतं. सगळे म्हणाले, बरोबर आहे, विकून टाका, आता एकटा जीव, तुम्हाला काय करायचं. कोणी कळमन्याच्या धान्यबाजारात हमालीचं काम मिळवून देतो म्हणालं.  पण मला कळत होतं, गाडी गेली की हेच खरं होणार. लोक म्हणणार, पाहा, बाईला मारून गाडी मोडीत काढली. मी कधीच सांगू शकणार नाही की कोण कोणाला नेत होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

मी उठलो, चूल पेटवली नाही. पंख्याचा पट्टा तपासला. रेडिएटरमध्ये पाणी घातलं. उजाडताना चाचा आले, सोबत हातठेला. डोळे लाल. "भाई, पेटियाँ ले जाता हूँ. आज कौन जाएगा बाजार को."

"पेट्या राहू द्या," मी म्हटलं. "बसा."

"अरे, लोग क्या बोलेंगे? राख तो ठंडी होने दे."

"राख उद्या सावडायची हाये. बाजार आज हाये."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, ठेलेवाल्याला परत पाठवलं आणि बसले. तेवढ्यात साळा, तिचा तो भाऊ, आला. एकटाच होता, भंगारवाला दहाला येणार होता. गाडी चालू पाहून धावत आला. "भाऊजी, कुठं चालले? डोकं फिरलं का तुमचं?"

"बस गाडीत."

"मी काहून बसू?"

"तं मग बाजूले हो."

तो बसला. मला अडवायला बसला, पण बसला. कामठी, मनसर, रामटेक मागे पडलं. मागे गाठोड्यांवर जागा रिकामी होती आणि मी आरशात पाहायचं टाळलं. वाकडं वळण आलं की पाहिलं जातच होतं.

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. नाला भरून वाहत होता, पण गाडीला खोल नव्हता. मी सगळ्यांना उतरवलं. चप्पल काढली, पँट वर केली आणि पाण्यात शिरलो. टाच टेकवली. अंग सोडलं. थांबलो. काही कळलं नाही. गार लागलं एवढं कळलं. इकडे टेकवली, तिकडे टेकवली. सगळं सारखंच. चौदा वर्षं काचेतून पाहिलं होतं मी.

मग मी अक्कल चालवली. गेल्या बुधवारी ती कुठून चालली ते मला आठवत होतं. तो मोठा दगड, त्याच्या डावीकडून, मग अर्जुनाच्या झाडाच्या रोखानं. मी गाडीत बसलो, दोन्ही छोटे दांडे ओढले आणि तिच्या गेल्या बुधवारच्या वाटेनं गाडी घातली. बरोबर तिच्या पावलांवर.

मधोमध बसली. आठवडाभरात वर कुठे पाऊस झाला असेल, नाल्यानं तळ बदलला होता. गेल्या बुधवारची वाट आता नव्हती.

पलीकडच्या काठावर मालगुजाराचा नांगऱ्या होता. तो ओरडला, "बैल आणू का गा?"

"नको!"

मी बेशरम तोडली, चाकांखाली कोंबली, हातानं गाळ काढला. चाचांनी काड्या आणून दिल्या. साळा काठावर बूट घालून उभा. तासाभरानं गाडी मागे निघाली, आलो त्याच काठावर. मी परत घातली, या वेळी खालच्या अंगानं. दहा हातांवर परत बसली. पुढचं चाक खड्ड्यात, शेपूट वर.

नांगऱ्या पुन्हा ओरडला. मी पुन्हा नको म्हटलं. 

तेव्हा साळ्यानं बूट काढले. पाण्यात आला, मागून खांदा लावला. मी रेस दिली, चिखल उडाला, त्याच्या शर्टावर, तोंडावर. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. गाडी हलेना. तो फाटकावर हात आपटून ओरडला, "इथून काहून घातली भाऊजी? इथं काळी हाये, दिसत नाही का तुमाले? ते असती तं इथून नेलीच नसती! वरून नेली असती, त्या रेतीवरून!"

मी इंजिन बंद केलं. खिडकीतून मान बाहेर काढली.

"हेच तं," मी म्हटलं. "हेच तं सांगायचं होतं मले काल."

तो तिथेच उभा राहिला, गुडघ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हात फाटकावर. तोंडावरचा चिखल पुसला नाही.  मग वाकला आणि चाकाखालचा गाळ हातानं उपसू लागला. मीही उतरलो. दोघांनी मिळून उपसला. 

तिसऱ्यांदा वरून घातली, रेतीवरून. इंजिन रडलं, गाडी एका अंगावर गेली, काठावर चढताना शेपूट दणकन आपटली आणि मागचा बंपर अर्धा तुटून लोंबला. पण चढली. कोणाच्या बैलाशिवाय चढली. तिनं हे काम एका दमात, अर्ध्या घटकेत केलं असतं आणि वर मला चार शब्द ऐकवले असते. मला साडेतीन तास लागले. ज्याला मोजायचं त्यानं मोजावं.

पुढे डांबरी रस्ता आणि पांदण असे दोन फाटे होते. मी पांदणीत शिरलो.  चाचा मागून काहीतरी पुटपुटत होते, नमाजातलं असेल.

बाजार अर्धा होऊन गेला होता. आमची गाडी दिसली तशा बाया उठून आल्या, नेहमीसारख्या, बांगड्यांसाठी. पण गाडीकडे कोणी पाहत नव्हतं. सगळ्या आमच्या मागे पांदणीकडे पाहत होत्या, कासोटा सोडत कोणी येते का म्हणून. एक म्हातारी म्हणाली, "बाई माघारली का गा? मागून येऊन राहिली का?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, जसं आहे तसं. काल गेली म्हणून.

म्हातारी मटकन खाली बसली. बाकीच्या उभ्याच राहिल्या. मी मागचं फाटक खाली पाडलं, तणस बाजूला केलं, दोरी सोडली, आणि चाचांची पहिली पेटी उतरवली.